सीटखालची सवत

मित्रांनो, कासारवाडीला रेल्वे स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर रंगरावांचे गॅरेज आहे. आत गेलात की उजव्या हाताला एक फळी दिसेल. फळीवर ग्रीसचा डबा आहे, फुटक्या काचेचा एक दिवा आहे, आणि त्यांच्या मागे कडा झिजलेली एक काळी, जड पेटी आहे. ती पेटी म्हणजे मी. मी मोटारीची बॅटरी होते. आता नुसतीच जुनी आहे.

माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की आपण किती राबलो तेच सांगतात. मीही सांगेन. पण माझ्या आयुष्यात राबण्यापेक्षा जळणे जास्त झाले. मी मत्सराने जळले, आणि त्या जळण्यापायी एका बाईचे गाणे कायमचे बुडवण्याची वेळ आणली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही मला फार गुणाची समजणार नाही.

माझा जन्म १९७३ सालचा, चिंचवडच्या एका कारखान्यातला. शिशाच्या जाळ्या ओतून, त्यांत लेप भरून माझ्या प्लेटा केल्या. काळ्या पेटीत सहा खण होते. खणाखणांत प्लेटा उभ्या केल्या, वरून तेजाब ओतले आणि झाकणांच्या फटी गरम डांबराने बंद केल्या. पहिल्यांदा माझ्यात वीज भरली तेव्हा सगळ्या अंगातून बारीक बुडबुडे आले. त्याला तुम्ही हसणे म्हणा हवे तर.

मला विकत घेतले ते सदाशिवरावांनी. पिंपरीच्या एका कंपनीत ते टूलरूममध्ये इंजिनिअर होते. कंपनीने मोडीत काढलेली एक निळी बंद व्हॅन त्यांनी लिलावात घेतली होती आणि तिचे फिरते घर करायचे त्यांच्या मनाने घेतले होते. त्यांनी स्वतः रंधा मारून आत दोन लांब बाकड्यांच्या सीटा बसवल्या. मधे फळ्या टाकल्या की त्यांचा पलंग होई. एका कोपऱ्यात स्टोव्ह, दुसऱ्यात पाण्याचे पिंप, खिडकीला पडदे. कॉलनीतले लोक हसत. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "अहो, चांगलं घर आहे की तुमचं. ते फिरवायचं कशाला?"

"घर एकाच जागी बसून राहतं, हीच माझी तक्रार आहे," सदाशिवराव म्हणाले.

मग सुट्टी आली की ते आणि त्यांच्या पत्नी सुमेधाताई निघत. कधी भीमाशंकर, कधी वाई, एकदा थेट गुहागर. इंजिन डिझेलचे, हट्टी. पण किल्ली फिरली की मी त्याला एका हाकेत उठवत असे. हॉर्न माझा, पुढचे दिवे माझे, आतला छोटा बल्बही माझा. सदाशिवराव दर शनिवारी माझी सहा झाकणे उघडून पाणी बघत, तारा जोडायच्या दोन खुंटांवरची पांढरी बुरशी कोमट पाण्याने धुऊन काढत आणि म्हणत, "या गाडीत खरी कामाची ही एकच." मी ते ऐकत असे. फार ऐकले, असे आता वाटते.

१९७७ च्या डिसेंबरात सदाशिवराव कामावर असतानाच छातीत कळ येऊन गेले.

व्हॅनवर ताडपत्री पडली. चौदा महिने तिच्याकडे कुणी फिरकले नाही. सुमेधाताई शाळेत जात, शाळेतून येत आणि ताडपत्रीकडे न बघता जिना चढत. मी त्यांना बोल लावत नाही. पण बॅटरी नुसती पडून राहिली की तिच्या प्लेटांवर कडक थर चढतो. पाणी आटते. माझ्या सहा खणांतला चौथा खण त्या चौदा महिन्यांत निकामी झाला. बाहेरून काही दिसत नव्हते. मीही ते झाकून ठेवले.

ताडपत्री निघाली ती एका गाण्यामुळे. सुमेधाताई चिंचवडच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवत. एकदा त्यांनी वर्गाला सांगितले, घरातल्या बायका म्हणतात ते एखादे गाणे लिहून आणा. मोशीच्या एका मुलीने हळदीचे गाणे आणले आणि खाली लिहिले, 'आमच्या वस्तीवरच्या केसरबाईंनी सांगितले.' सुमेधाताई पुढच्याच रविवारी बसने मोशीला गेल्या. संध्याकाळी परतल्या त्या जिन्याकडे न वळता व्हॅनपाशी आल्या आणि त्यांनी स्वतः ताडपत्री ओढली.

तेव्हा रंगराव आले. मूळचे पाटणकडचे, कासारवाडीला गॅरेज. सदाशिवरावांच्या वेळेपासून व्हॅन तेच बघत. मला पाहून त्यांनी चुकचुकत झाकणे उघडली, डिस्टिल वॉटर भरले, दोन दिवस चार्जिंगला लावले.

"नवी घेऊ या का, रंगराव?" सुमेधाताईंनी विचारले.

"नगा ताई. साहेबांच्या हातची हाय. अजून लई चालंल."

हे त्यांनी प्रेमाने सांगितले. ते खरे नव्हते, आणि ते मला माहीत होते.

मग माझे दुसरे आयुष्य सुरू झाले. सुट्टीच्या दिवशी रंगराव व्हॅन चालवत, सुमेधाताई मागे बसत. मोशी, चिखली, चाकणच्या पलीकडची गावे. लांब गेल्या तर त्या व्हॅनमध्येच मुक्काम करत. त्यांच्या पुतण्याने त्यांना एक जडशीळ टेपरेकॉर्डर दिला होता, दोन मोठ्या चकत्यांवर फीत फिरणारा. तो घरच्या विजेवर चाले, नाहीतर मोटारीच्या बॅटरीवर. वस्त्यांवर वीज कुठली? तो माझ्यावर चाले. मित्रांनो, ते वर्ष माझे होते. बायका गात, चकत्या फिरत, आणि त्या फिरत माझ्या जोरावर. केसरबाईंचा आवाज मी तेव्हाच ऐकला. साठीची बाई, पण आवाज असा की अंगणात बसून गायली तर शेजारच्या वस्तीवरची बाई हातातले काम ठेवून येई. पंचक्रोशीत हळद असली की ती दळायला केसरबाई हवीच, असा रिवाज होता.

पण चौथा खण निकामी. तास-दीड तास टेपरेकॉर्डर चालवला की संध्याकाळी इंजिन उठवायला माझ्यात त्राण उरत नसे. एकदा चिखलीला व्हॅनला धक्का मारावा लागला. दुसऱ्यांदा चाकणच्या बाजारात. तिसऱ्यांदा सुमेधाताई काही बोलल्या नाहीत, आणि त्याचीच मला भीती वाटली.

पुढच्या रविवारी सुमेधाताईंनी बोलावलेला ज्योतीराम आला. उदगीरकडचा, आयटीआय झालेला, पिंपरीच्या कंपनीत इलेक्ट्रिशियन. तिशीचा असेल. त्याच्या हातात मीटर होते. त्याने मीटरच्या दोन तारा माझ्या खुंटांना लावल्या, काट्याकडे पाहिले आणि म्हणाला, "बघा ताई, ही एकटीच गाडीबी उठवायली अन् मशीनबी चालवायली. किती करंल बिचारी? सीटच्या खाली दुसरी बसवू. पुढची गाडीला, मागची तुमच्या मशीनला."

मग तो वायरी बघू लागला. "अन् ही जोडणी कुणी केली? दोरीला गाठ मारल्यावानी हाय. कचरा आहे सगळा."

"म्या केली," रंगराव म्हणाले.

ज्योतीरामने जीभ चावली. पण शब्द बाहेर पडला होता. रंगरावांनी खिशातला फडका काढून आधीच स्वच्छ असलेले हात पुसले. त्या दिवसापासून आम्ही दोघे एका बाजूचे झालो, रंगराव आणि मी.

पुढच्या सुट्टीत ती आली. कोरी, चकचकीत, लाल झाकणांची. मी ज्या दिवशी आले होते त्या दिवशी मला गोणपाटात गुंडाळून आणले होते. तिला ज्योतीरामने मांडीवर घेऊन आणले. डाव्या सीटखाली त्याने सागवानी फळ्यांचा चौरस खण केला, तळाला रबर घातले, ती हलू नये म्हणून पट्टी आवळली. तिच्या अंगातला वायू बाहेर जावा म्हणून तळातून एक नळी काढली. वर फळी, फळीवर गादी, आणि गादीला सुमेधाताईंनी शिवलेले निळ्या चौकड्यांचे कव्हर. मी पुढे, इंजिनाच्या उष्ण श्वासात, तेल आणि धुळीत. ती आत, पडद्यांच्या घरात. सहा वर्षे मी त्या गाडीचा संसार ओढला आणि माझ्या उरावर सवत आणून बसवली, तीही गादीखाली!

काम तरी काय तिचे? टेपरेकॉर्डर, एक छोटा पंखा आणि एक ट्यूब. पण सगळे कौतुक तिचे. "काय छान चालतोय हो!" सुमेधाताई म्हणत. "आता आवाज जराही हलत नाही." गाडीत पहिल्यांदा बसलेली प्रत्येक बाई विचारी, वीज कुठून येते? मग सुमेधाताई गादी उचलून तिला दाखवत. दाखवत, मित्रांनो! मला बघायला कुणी बॉनेट उघडल्याचे आठवत नाही. इंजिन उठवणे हे एका क्षणाचे काम. ते झाले की सगळे विसरतात.

आम्हा दोघींच्या मधे ज्योतीरामने एक खटका बसवला होता, तांब्याच्या पात्याचा. तो त्याने रंगरावांना समजावून सांगितला.

"मामा, इंजिन चालू झालं की खटका लावायचा, म्हंजी दोघीबी भरत्यात. इंजिन बंद केलं की लगेच उघडायचा. लावलेला राहिला तर पुढची मागचीला पिऊन टाकंल. म्हातारीत जोर नाही, पण तहान लई हाय."

म्हातारी म्हणजे मी. तेही सगळ्यांसमोर.

चार महिने रंगरावांनी न चुकता खटका लावला आणि उघडला. पण त्यांच्या मनात काय चालले होते ते मला कळे. पूर्वी सुमेधाताई निघण्याआधी विचारत, "रंगराव, जमेल ना?" आता त्या म्हणत, "ज्योतीरामने पाहिलं आहे ना?" रंगराव मान डोलवत आणि दार जरा जोरात लावत.

१९८० च्या फेब्रुवारीतला तो शनिवार. चाकणहून परत येऊन त्यांनी व्हॅन कॉलनीत लावली. सुमेधाताई वर गेल्या. रंगरावांनी इंजिन बंद केले, हात खटक्यावर ठेवला आणि तो तिथेच राहिला. बराच वेळ.

"उद्या जरा बंद पडू दे ते मशीन," ते हळूच म्हणाले. माझ्याशीच बोलत असावेत, कारण दुसरे कुणी नव्हते. "ताईस्नी बी कळू दे, पोराचं काम कसलं हाय ते."

त्यांनी हात काढला. खटका लावलेलाच राहिला.

आणि मी प्यायले. सकाळपर्यंत मी तिला प्यायले. तिची ताकद तारेतून सरसर माझ्याकडे येत होती आणि ती काही करू शकत नव्हती. मला वाटले होते, मी पुन्हा नव्यासारखी होईन. पण माझ्या चौथ्या खणात काही टिकेना. जे येई ते नुसते गरम होऊन उडून जाई. तिचे गेले आणि मला मिळाले नाही. तरी मी थांबले नाही. ती रिकामी होते आहे, एवढेच मला पुरेसे होते.

रविवारी सकाळी इंजिन कण्हत कण्हत सुरू झाले. मोशीच्या रस्त्याला लागल्यावर सुमेधाताई पुढे येऊन बसल्या. त्यांच्या मांडीवर टेपच्या चार कोऱ्या चकत्या होत्या.

"रंगराव, आज घाई करायची नाही. केसरबाईंना जितकं म्हणवेल तितकं सगळं घ्यायचं आहे. मंगळवारी त्यांच्या घशाचं ऑपरेशन आहे पुण्याला. गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण आवाज राहणार नाही."

रंगरावांच्या हातात चाक थोडे वाकडे झाले.

"अजिबात न्हाई?"

"अजिबात. वैशाखात त्यांच्या नातीचं लग्न आहे. नातीची हळद दळताना आपलं गाणं असावं, एवढंच त्यांना हवं आहे. म्हणून आज."

गाडी चालू होती तोवर वीज तयार होत होती, पण त्यातलीही बहुतेक मीच गिळत होते. सवय सुटत नव्हती.

केसरबाईंची वस्ती मोशीच्या पुढे, इंद्रायणीकडे उतरत्या मातीच्या रस्त्यावर होती. विजेचे खांब गावापर्यंतच आलेले. अंगणात जाते मांडले होते, सात-आठ बायका जमल्या होत्या. केसरबाईंची लेक कुसुमताई चिखलीहून आली होती. केसरबाईंच्या गळ्याशी मफलर होता, आणि बोलताना त्या मधेच थांबत.

इंजिन बंद होताच रंगरावांनी झटकन खटका उघडला. पण आता उघडून काय उपयोग?

केसरबाईंनी जात्याचा खुंटा धरला. पहिले गाणे झाले, दुसरे झाले. तिसऱ्याच्या मध्यावर सुमेधाताईंनी हात वर केला. चकत्या आळसावल्यासारख्या फिरत होत्या. मशीनला जरा विसावा देऊन त्यांनी फीत मागे घेऊन लावली. केसरबाईंचा आवाज चिमणीसारखा चिवचिव करत बाहेर आला. फीत हळू फिरली होती म्हणून गाणे पळत होते. एकदोन बायका हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. मग चकत्या थांबल्याच. दोन्ही गाणी वाया गेली होती.

"काय काम केलंय या ज्योतीरामने!" सुमेधाताई ओरडल्या. मी त्यांना ओरडताना कधी ऐकले नव्हते. "आजच? आजच्याच दिवशी? मोठा मीटर घेऊन आला होता! रंगराव, तुमचंच ऐकायला हवं होतं मी."

रंगरावांना जे ऐकायचे होते, अगदी तेच शब्द. ते दारापाशी उभे होते. त्यांनी टोपी काढली.

"ताई, त्याची चूक न्हाई. खटका म्या लावून ठिवला हुता. कालपासनं."

"विसरलात?"

'व्हय' म्हटले असते तर सगळे तिथेच मिटले असते. विसरणे कुणाच्याही हातून होते.

"न्हाई," रंगराव म्हणाले. "इसरलो न्हाई."

सुमेधाताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्या म्हणाल्या, "तुमच्यावर रागवायचं ते मी उद्या रागवेन. आधी आत्ता काय करता येईल ते सांगा."

"चिंचवडला ताईंच्या घरी चला," कुसुमताई म्हणाल्या. "तिथं लाईट हाय."

केसरबाईंनी मान हलवली. "जात्याबिगर मला गाणं यायचं न्हाई गं. हात फिरला तर त्वांड उघडतं." त्या रंगरावांकडे वळल्या. "बाबा, झालं ते झालं. माजा गळा दुपारपतूर दम धरंल. तवर कायतरी कर."

रंगरावांनी बॉनेट उघडले. माझ्याकडे पाहिले. सात वर्षांत त्यांनी माझ्याकडे असे कधी पाहिले नव्हते.

"तू हितं असशील तवर तिला काय मिळायचं न्हाई," ते म्हणाले.

त्यांनी माझे दोन्ही खुंट सोडवले, मला उचलून बाहेर काढले आणि बांधावरच्या करंजाच्या झाडाखाली जमिनीवर ठेवले. मग खटका लावला. व्हॅनमध्ये आता ती एकटी उरली. ती बिचारी इंजिन उठवण्याइतकी कुठली? "बायानू, धक्का मारा!" रंगराव ओरडले. बायकांनी पदर खोचले. सुमेधाताईंनी चष्मा काढून कुसुमताईंच्या लेकीकडे दिला आणि त्याही मागे लागल्या. उताराला व्हॅन सुटली, दोनदा हिसके देऊन इंजिन धडधडले, आणि धुरळा उडवत ती आळंदीच्या दिशेने गेली.

दीड तास रंगराव ती आळंदी रस्त्यावर पळवत राहिले. कुठे थांबले नाहीत. तयार होणारी सगळी वीज तिच्याकडे चालली होती, कारण मधे मी नव्हते. तिकडे केसरबाई ओसरीवर कोमट पाण्याचे घोट घेत बसल्या होत्या. सुमेधाताई त्यांच्याशेजारी नुसत्या बसून होत्या. माझ्यावर एक कोंबडी येऊन बसली, इकडे तिकडे बघून उतरून गेली.

गाडी आली. इंजिन बंद झाले. थोड्या वेळाने जात्याची घरघर सुरू झाली.

मी लांब होते. मला शब्द ऐकू येत नव्हते, नुसती घरघर आणि तिच्यावर तरंगणारा आवाज. तो आवाज मधेच खरखरे, थांबे, पुन्हा वर जाई. एका चकतीच्या दोन्ही बाजू झाल्या, दुसरी लागली. मी मनात म्हणत होते, आता बंद पडेल. आता नक्की बंद पडेल. मित्रांनो, मला लाज वाटते, पण तेव्हाही मी तेच म्हणत होते. ती बंद पडली नाही. दोन तासांनी जाते आपणहून थांबले, कारण केसरबाईंचा आवाज संपला होता.

परत जाताना मला मागे, दोन सीटांच्या मधल्या जागेत खाली ठेवले. पहिल्यांदाच मी त्या पडद्यांच्या घरात होते, आणि तेही ओझे म्हणून.

दुसऱ्या दिवशी सुमेधाताई शाळा सुटल्यावर गॅरेजवर आल्या. रंगराव उभे राहिले. त्या रागवायला आल्या होत्या.

"तुम्ही बोलला नसतात तर मी त्या मुलाला आयुष्यभर दोष दिला असता," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हाला काही खुपत होतं तर ते मला सांगायचं. बॅटरीवर कशाला काढायचं?"

"चुकलंच, ताई."

"मीही चुकले. निघताना तुम्हाला विचारायचं सोडून दिलं मी." मग त्या आवाज कडक करून म्हणाल्या, "ज्योतीरामकडे मात्र तुम्ही स्वतः जायचं."

रंगराव त्याच संध्याकाळी पिंपरीला त्याच्या खोलीवर गेले. काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. पण रविवारी ज्योतीराम मीटर घेऊन गॅरेजात आला, माझ्याजवळ उकिडवा बसला आणि एकेक खण तपासून म्हणाला, "मामा, बाकीचे पाच ठीक हायेत की. हा चौथाच मेलाय. तुम्हाला डांबर उचकटता येतं का? मला नाही येत."

"येतं की," रंगराव म्हणाले.

"अन् त्या दिवशी वायरीला कचरा म्हणालो, ते काही बरं बोललो नाही मी."

"व्हती पन कचराच," रंगराव म्हणाले, आणि दोघे हसले. त्यांनी माझे डांबर तापवून काढले, मेलेल्या प्लेटा उपसल्या, नव्या बसवल्या. चौदा महिन्यांच्या ताडपत्रीखाली जे मी लपवले होते ते अशा रीतीने उघड्यावर आले. मी पुन्हा व्हॅनमध्ये पुढे बसले. खटका मधे होताच.

केसरबाई वाचल्या. आवाज गेला. बोलायला गेल्या की नुसती हवा येई.

वैशाखात चिखलीला कुसुमताईंच्या दारात मांडव पडला. व्हॅन मांडवाला लावून उभी केली होती, मागचे दार उघडे. सकाळी जाते मांडले. नात पाटावर बसली. केसरबाई जात्याशी बसल्या, त्यांनी खुंटा धरला आणि सुमेधाताईंकडे पाहून मान हलवली. चकत्या फिरू लागल्या. त्या दिवशी झाडाखालून जे मला कळले नव्हते, ते शब्द मी तेव्हा प्रथम ऐकले.

हळद दळू बसले, पिवळा झाला पदर,
नातीच्या गं लग्नात माजा आवाज हजर.

केसरबाई जाते फिरवत होत्या, आपल्याच आवाजाच्या तालावर, आणि त्यांचे ओठ हलत होते. नात रडू लागली तशी त्यांनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिले, जाते मात्र थांबवले नाही.

गाणी संपल्यावर त्या उठल्या. हळदीने भरलेली बोटे घेऊन व्हॅनमध्ये चढल्या. त्यांनी टेपरेकॉर्डरला हळद लावली. मग खुणेने विचारले, ती कुठे आहे? सुमेधाताईंनी गादी उचलली. केसरबाईंनी वाकून तिच्या लाल झाकणांवर हळदीची दोन बोटे ओढली आणि हात जोडले.

माझ्याकडे कुणी आले नाही. त्या घरी मी कोण होते? मी जळले का? हो मित्रांनो, जळले. एवढे सगळे होऊनही जळले. पण त्या वेळी ती बंद पडावी असे मात्र मनात आले नाही. माझी प्रगती एवढीच.

दुपारी निघताना रंगरावांनी बॉनेट उघडून माझे पाणी पाहिले. मांडवात कुणीतरी त्यांच्या हातालाही हळद फासली होती. झाकण बसवताना त्यांच्या अंगठ्याचा पिवळा ठसा माझ्यावर उमटला. तो माझ्यासाठी नव्हता, हे मला ठाऊक आहे. तरी मी तो माझाच धरला.

त्यानंतर मी दोन वर्षे काम केले. मग एकेक करून बाकीचे खणही गेले, आणि १९८२ साली रंगरावांनी मला या फळीवर आणून ठेवले. भंगारवाला दोनदा मागून गेला. "साहेबांच्या हातची हाय," असे सांगून त्यांनी दोन्ही वेळा त्याला परत पाठवले.

मित्रांनो, माझे तुमच्याजवळ एकच मागणे आहे. घरातली वस्तू वापरात नसली तरी महिन्यातून एकदा तिचे झाकण उघडून बघा, पाणी आटले असेल तर घाला. चौदा महिने कुणी बघितले नाही तर चांगल्या चांगल्यांच्या आत काहीतरी मरते, आणि ते वरून दिसत नाही. मग ती वस्तू वाईट वागली की तुम्ही तिलाच दोष देता. आणि माणसांच्या बाबतीत हे किती खरे आहे ते रंगरावांना विचारा, ते सांगतील. ते सांगायला लाजत नाहीत.

परवा एक गोष्ट झाली. संध्याकाळी व्हॅन गॅरेजात आली. रंगराव आणि ज्योतीराम यांनी मिळून सीटखालून काहीतरी काढले, फडक्याने पुसले आणि माझ्या शेजारी फळीवर ठेवले. लाल झाकणांचा रंग उडाला होता. तीच होती. चार वर्षांत तिचेही संपले.

सीटखाली आता तिसरी बसली आहे. ती पांढरी आहे, हलकी आहे, आणि म्हणे तिला पाणीही क्वचितच लागते. तिच्याविषयी आम्हा दोघींचे मत अगदी एक आहे.